खोलीचं तापमान

हिलाल सरांना चहा दिला की ते लगेच पीत नसत. कप दोन्ही तळव्यांत धरून खिडकीबाहेर बघत बसत, आणि समोरचा माणूस कितीही महत्त्वाचं सांगत असला तरी मध्येच त्यांच्या अहिराणीत म्हणत, "आते चाळीसवर उना." चाळीस अंशांवर आला, की मग पीत. आमच्या प्राचार्यांना सुरुवातीला वाटायचं, हा माणूस आपलं ऐकत नाही. ऐकत असत, पण सरांच्या डोक्यात एक तापमापक कायम चालू असायचा आणि तो त्यांना स्वतःलाही बंद करता येत नसे. बाक, दाराची कडी, मोटारसायकलची सीट, दिसेल तिथं तळहात टेकवून ते आकडा सांगत. तो आकडा बरोबर असायचा की नाही, हे मी कधी तपासलं नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या कडीवर हात ठेवून खात्री करण्याइतका रस मला कशातच नाही.

मी त्या कॉलेजचा ग्रंथपाल. वाचनालय आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एकच भिंत, आणि व्हरांडा सामाईक. प्राध्यापकांना मे महिन्याची सुट्टी असते, ग्रंथपालाला नसते. हे दुःख मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता मी विषय काढला की माणसं घड्याळ बघतात. रसायनशास्त्र शिकवणारे हिलाल सर मात्र दर वेळी शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "बराबर शे तुमनं." पुढं काही नाही. एवढ्यानंही बरं वाटायचं.

ते ब्राह्मणपुरीचे. केळी, ऊस, विहीर, सगळं धाकट्या भावाकडे सोपवून हे रोज मोटारसायकलवर कॉलेजला येत. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनच्या जागी काचेचा तापमापक. एकदा आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात यांनी वरणाच्या पातेल्यात तो बुडवला. वाढपी चिडला, नवरीचा मामा धावत आला, त्याला वाटलं जेवण तपासायला सरकारी माणूस आला आहे. सरांनी शांतपणे तापमापक पुसून खिशात ठेवला आणि वरण फार गरम आहे, थोडं थांबून वाढा, असा सल्ला दिला. त्यांच्या पत्नी शोभावहिनी सांगायच्या की मी तापानं फणफणले तर हे कपाळावर हात ठेवून दशांशासकट आकडा सांगतात, पण गोळी आणायची मात्र मलाच आठवण करून द्यावी लागते.

या माणसाचं खरं काम काय होतं, ते मला समजायला बरीच वर्षं लागली. दोष माझाच नव्हता. ते समजावून सांगायला बसले की सुरुवात फार मागून करत. पॉलिमर म्हणजे माळ, इथून सुरुवात. तेच तेच मणी ओवून केलेली माळ. सरांची माळ दोन तऱ्हेच्या मण्यांची होती: एका टोकाचे मणी पाण्यावर प्रेम करणारे, दुसऱ्या टोकाचे पाण्याचं तोंड न बघणारे. अशा पुष्कळ माळा पाण्यात सोडल्या की पाणी न आवडणारी टोकं आत तोंड लपवतात, आवडणारी बाहेर राहतात, आणि त्यांचे गोळे तयार होतात. माणसाच्या केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग, एवढे लहान.

"ठेलारीसन्या मेंढ्या देख्यात ना तुम्ही, भर दुपारना?" ते विचारत. "डोकी एकमेकीसना पोटखाले, पाठ बाहेर. त्यासले कोनी सांगत नही आसं उभं ऱ्हावानं."

हे मात्र मला लगेच पटलं. ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या उन्हात अशाच उभ्या राहतात, मी रस्त्याच्या कडेला कितीदा पाहिल्या आहेत. सरांचं म्हणणं, त्या घोळक्याच्या आत औषध ठेवायचं. कॅन्सरचं औषध शरीरभर पसरतं, जिथं नको तिथंही जाळतं. त्यापेक्षा ते या गोळ्यांत बंद करून पाठवायचं. गाठीच्या जागी बाहेरून थोडा शेक द्यायचा. शरीर सदतीस अंशावर, शेकलेली जागा एक्केचाळीसवर. सरांच्या माळेत असे मणी होते की एक्केचाळीस अंश झाले की ते आकसावेत, घोळका मोडावा आणि औषध तिथंच सांडावं. इतर ठिकाणी ते बंदच राहणार. आमच्या भागातली माणसं असल्या उपचारासाठी सुरतला खेटे घालतात, आणि धडगावच्या डोंगरातली तर तेवढंही करू शकत नाहीत. सरांना हे औषध डोंगरातल्या साध्या दवाखान्यात, फ्रिज नसलेल्या कपाटात ठेवता यायला हवं होतं. ही त्यांची अट. तिच्यावाचून हे काम आपण का करायचं, पुण्या-मुंबईचे लोक आपल्यापेक्षा चांगलं करतात, असं ते म्हणत.

एकदा कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरची समिती आली. प्राचार्यांनी आधीच दवंडी पिटून ठेवली होती की आमच्याकडे नॅनोवर संशोधन चालतं. समितीतले एक वयस्कर गृहस्थ, बहुधा इतिहासाचे, अजून औषध न भरलेल्या बाटलीकडे बघून म्हणाले, यात तर नुसतं पाणी दिसतंय. प्राचार्यांचा चेहरा उतरला. सरांनी खिशातून सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेलं लेझरचं खेळणं काढलं. पडदे ओढले. आधी साध्या पाण्यातून किरण सोडला. पाण्यात काहीच दिसलं नाही, पलीकडच्या भिंतीवर फक्त लाल ठिपका. मग दुसऱ्या बाटलीतून सोडला, तर बाटलीत आरपार लाल रेघ उमटली. "ज्यांना धडकून प्रकाश फुटतोय, ते आमचे," सर म्हणाले. ते गृहस्थ उठून जवळ गेले आणि स्वतः खेळणं हातात घेऊन लहान मुलासारखे बराच वेळ खेळत बसले. बाकीची समिती चहाला थांबली होती.

अशी मजा क्वचित. बाकी सगळी वाट बघणं. रसायन मागवलं की महिनोन्महिने येत नसे, आलं तर उन्हात पडून खराब झालेलं. नायट्रोजनचं सिलिंडर संपलं की काम ठप्प. वीज कधी जाईल याचा नेम नाही. गोळ्यांचा आकार मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, त्यामुळे सर नमुने बर्फाच्या थर्मासमध्ये घालून, तो थर्मास मांडीवर धरून रेल्वेनं जळगावला, कधी मुंबईला जात. परत आले की माझ्याकडे येऊन पंख्याखाली बसत, बूट काढत आणि डोळे मिटून घेत. "काम नही थकाडत, भाऊ. वाट देखनं थकाडस." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दर वर्षी ते थोडं अधिक सावकाश म्हणत.

त्यांच्या हाताखाली एकच विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती, रोहिणी पावरा. धडगावच्या वरच्या पाड्यातली. बोलायला तुटक, कामात पक्की. घरी पावरी बोलायची, आमच्याशी पुस्तकी मराठी. सरांची अहिराणी तिला कळायची पण ती त्यात उत्तर देत नसे. लग्न झालेलं, लहान मूल आईकडे ठेवून ती प्रयोगशाळेत उभी राहायची. एका कॉलेजात तिला नोकरीचं तोंडी आश्वासन होतं. पदवी हातात आली की ये, असं. तिचा प्रबंध टाइप होऊन तयार होता. त्याच सुमारास मुंबईच्या एका मोठ्या संस्थेतल्या डॉक्टरांनी सरांशी मिळून मोठा प्रकल्प मांडला होता. तो जवळजवळ मंजूर होता. पुढची पायरी प्राण्यांवरचे प्रयोग. सगळ्याचा पाया सरांच्या एका तक्त्यावर: हे औषध महिनेच्या महिने खोलीच्या तापमानाला जसंच्या तसं राहतं, फ्रिज लागत नाही.

त्या मे महिन्यात सर पेपर तपासणीसाठी कॉलेजला आले होते. घरी जायला निघाले आणि चष्मा प्रयोगशाळेत राहिल्याचं लक्षात आलं. दुपारचे दोन वाजले असतील. चष्मा आणायला जाणारा माणूस इतका वेळ आत का, म्हणून मी व्हरांड्यात गेलो. सर पश्चिमेच्या भिंतीच्या फळीसमोर स्टुलावर बसले होते. फळीवर रोहिणीच्या बाटल्या रांगेनं. त्या सगळ्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

मला वाटलं, कोणीतरी भलतंच काही ओतलं. चष्मा टेबलावरच पडून होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सकाळीच बोलावून घेतलं. बाटल्या फिकट पिवळ्या, स्वच्छ, अगदी नेहमीसारख्या. मी म्हटलं, चला, आपोआप बरं झालं. ते म्हणाले, दुपारी या. बाराला काही नव्हतं. एकला बाटल्यांत निळसर झाक आली. दोनला, माझ्या डोळ्यांदेखत, एकेक बाटली धुरकट होत होत पांढरी झाली. फळीवरचा तापमापक त्रेचाळीस दाखवत होता. संध्याकाळी भिंत निवली तशा बाटल्या पुन्हा स्वच्छ झाल्या, पण सरांनी एक उचलून उजेडाला धरली आणि मला तळ दाखवला. तळाशी पिवळी पूड होती, डोळे ताणून पाहिली तर दिसेल एवढी. ते औषध. घोळका पुन्हा जमला होता, पण आत ठेवलेलं बाहेरच राहिलं होतं.

चूक कुठं झाली ते समजायला फार विचार करावा लागला नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. उन्हाळ्यात आमचं कॉलेज सकाळचं भरतं. ऊन चढायच्या आत सगळे घरी. रोहिणीनं बाटल्या तपासल्या त्या रोज सकाळी, गार वेळेला. नमुना घेण्याआधी बाटली हलवायची शिस्त, तीही सरांनीच लावलेली, त्यामुळे तळाची पूड कधी दिसलीच नाही. बाहेर पाठवायचे नमुने बर्फात गेले. दुपारी दोनला बाटल्यांकडे कोणी बघितलंच नव्हतं, कारण दुपारी दोनला आमच्याकडे शहाणा माणूस कशाकडेच बघत नाही. दार लावून पडून राहतो. मी आयुष्यभर तेच केलं आहे आणि त्यात काही चूक आहे असं मला तोवर वाटलं नव्हतं.

मुंबईच्या डॉक्टरांशी सर बोलले ते माझ्या वाचनालयातून, कारण रेंज तिथंच येते. फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकावं लागलं. ते डॉक्टर काही लबाड नव्हते. ते समजुतीनं म्हणाले की खोलीचं तापमान म्हणजे पंचवीस अंश, जगभर हेच धरतात. तुमचा तक्ता त्या अर्थानं खरा आहे. तो तुमच्या खोलीचा दोष, पॉलिमरचा नाही. आणि इतकंच असेल तर फ्रिजमध्ये ठेवा असं लिहू. सरांनी विचारलं, फ्रिज लागतो असं लिहिलं तर प्रकल्प राहील का? ते अवघड होईल, डॉक्टर म्हणाले. फ्रिजवाली औषधं आधीच बाजारात होती. फ्रिज न लागणं, एवढंच यांचं वेगळेपण होतं.

"तक्ता काढून टाका, सर," हिलाल सर म्हणाले. "माझ्या नावानं तो जायला नको."

त्यांनी फोन ठेवला. मी पाणी दिलं, ते त्यांनी टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बिमार मानूसपेक्षा आपली खोली जास्त तपस, भाऊ. शेकवर जे उघडी जाई, ते आठे कपाटमाच उघडी जाई. आकडा चढाईसन उपेग नही. चढावा ते मंग मानूसना आंगमा ते उघडतच नही." म्हणजे शेकानं उघडणारं औषध इथं कपाटातच उघडणार, आणि आकडा वाढवला तर अंगात उघडणारच नाही; मणी थोडे बदलून भागणार नव्हतं. उष्णता हीच खूण चुकीची होती. ज्या माणसांसाठी त्यांनी ती निवडली, त्यांच्याच घरात ती चालणार नव्हती. पंधरा-सोळा वर्षांचं काम होतं ते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मला त्यांचा फार राग आला. मला वाटलं, हा माणूस चष्मा तसाच सोडून घरी गेला असता तर काय बिघडलं असतं.

रोहिणीनं नेमकं तेच विचारलं. दोन दिवसांनी ती आली, बाटल्या पाहिल्या, दुपारपर्यंत थांबून पुन्हा पाहिल्या. रडली नाही. व्हरांड्यात उभी राहून म्हणाली, "सर, तुम्ही दुपारी कशाला गेलात आत?"

"चष्मा राहिला होता," सर म्हणाले.

"माझा प्रबंध टाइप झालाय."

"माहीत आहे, बेटा."

"तिकडची जागा माझ्यासाठी थांबणार नाही."

सरांनी मान हलवली. क्षमा मागितली नाही, समजूत घातली नाही. ती गेली. ती जागा खरंच थांबली नाही. पावसाळ्याआधीच भरली गेली. सर त्या काळात माझ्याकडे यायचे तेव्हा चहा नको म्हणायचे. एकदा मी चिडून विचारलं की तुम्हाला तिचं वाईट वाटत नाही का. ते म्हणाले, "वाटस. पन ते औषध तिनाच पाड्यावर जावानं व्हतं ना."

जून सरला तेव्हा रोहिणी परत आली. पिशवीत डबा, अंगावर रेनकोट, रागावलेली तशीच. प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, कुठून सुरुवात करायची. सरांनी नवी माळ मनात जुळवून ठेवलीच होती. आता उष्णतेवर नाही, आंबटपणावर उघडणारी. पेशीच्या आत गेलं की तिथं आंबट असतं. खोली कितीही तापली तरी आंबट होत नाही. मला हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मेंढ्यांची आठवणसुद्धा काढली नाही. पूर्वी एवढ्यासाठी त्यांना अर्धा तास लागला असता.

पुढची दोन वर्षं मी त्यांना फक्त काम करताना पाहिलं. हात पूर्वीसारखेच नेटके, पण माणूस वाळत चालला होता. जिन्यावर मध्येच थांबायचे, कठडा धरून. कठड्याचं तापमान सांगत नसत. शोभावहिनींनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, हे निवृत्त झाल्यावर काय करतील. मी म्हटलं, केळी बघतील. आम्ही दोघंही त्यावर हसलो नाही. त्यांच्या निरोपसमारंभात प्राचार्य पुष्कळ बोलले, त्यांनी नॅनोचा उल्लेख केला, लेझरचा किस्सा सांगितला आणि लोक हसले. सर उठले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि रोहिणीला प्रयोगशाळेत तिचं काम पुरं करू द्यावं एवढीच विनंती करून बसले. रोहिणी तोवर आमच्याकडेच तासावर शिकवायला लागली होती. पदवी मिळाली तिला, उशिरा. प्रबंधात त्या पांढऱ्या बाटल्यांचं एक सबंध प्रकरण आहे. ते तिनंच हट्टानं घातलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या मे महिन्यात. मी अर्थातच कामावर होतो, पुस्तकांची मोजदाद चालू होती. कॉलेज ओस. रोहिणी आईकडे डोंगरात गेली होती, प्रयोगशाळेला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो शिपाई खांडबाऱ्याला लग्नाला. दुपारी व्हरांड्यात पावलं वाजली म्हणून मी बाहेर डोकावलो. हिलाल सर होते. डोक्याला रुमाल बांधलेला, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ब्राह्मणपुरीहून त्या उन्हात मोटारसायकलवर आले होते. आता त्यांच्याकडे किल्ली नव्हती, त्यामुळे ते प्रयोगशाळेच्या खिडकीच्या काचेला कपाळ लावून, डोळ्यांभोवती दोन्ही हातांचा आडोसा करून आत बघत होते.

मी जवळ गेलो तरी त्यांना कळलं नाही. काच धुळीनं मळलेली होती. मी रुमालानं ती पुसली, मग आम्ही दोघंही आत पाहू लागलो. पश्चिमेच्या भिंतीची तीच फळी. रोहिणीनं जाण्याआधी नव्या बाटल्या लावून ठेवल्या होत्या. तापमापक त्या अंतरावरून वाचता येत नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. काचेला लावलेलं माझंच कपाळ भाजत होतं. बाटल्या स्वच्छ होत्या. फिकट पिवळ्या, आरपार. त्यांच्या मागची भिंतीवरची भेग दिसत होती.

"स्वच्छ आहेत, सर," मी म्हटलं.

ते हलले नाहीत. तीन वाजेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो, कधी ते बघत, कधी मी. एकही बाटली पांढरी झाली नाही. मग ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि रुमाल सोडून तोंड पुसलं. मला इतका आनंद झाला होता की मी काहीबाही बोलत सुटलो. म्हटलं, आता मुंबईला फोन लावू, पेढे आणू, झालं तुमचं औषध.

"औषध नही व्हयनं, भाऊ," ते म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता, नुसता थकवा. "खोलीमा टिकनं, बस. आते उंदीर, मंग मानसं. आजून धा-पंधरा वरीस लागतीन. त्या वरीस मन्हा नहीत."

मी त्यांना आत पंख्याखाली बसायला सांगितलं. नको म्हणाले, उशीर होईल. फोन काढून त्यांनी रोहिणीला लावला, पण तिच्या पाड्यावर रेंज नसते. दोनदा लावून पाहिला. मग फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले की मला ते मेसेज टाइप करायचं जमत नाही, तुम्ही लिहा. काय लिहू, मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. ते माझ्याशी कायम अहिराणी बोलणारे, पण हे त्यांनी तिच्या मराठीत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून: "दुपारी आत पाहिलं. सगळ्या स्वच्छ आहेत. आता तू बघत जा."